गर्दी कापलेली कॅसेट

१९९३ साली मी नाशिकमध्ये महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाला होतो. मेनरोडला लागून असलेल्या एका गल्लीत तेव्हा कॅसेट भरून देणारे एक दुकान होते. गाण्यांची यादी कागदावर लिहून द्यायची, कोरी कॅसेट दुकानदार काकांकडूनच घ्यायची आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी भरलेली कॅसेट आणायला जायचे, असा तो व्यवहार असे. एका वर्गमित्राच्या मावसभावाने दुबईहून दोन सीडींचा एक संच आणला होता आणि तो आम्हाला तीन दिवसांच्या बोलीवर मिळाला होता. सीडी वाजवायचे यंत्र आमच्यापैकी कोणाच्याच घरी नव्हते. ते त्या दुकानात होते. संच होता क्वीन या ब्रिटिश बँडच्या ‘लाइव्ह ॲट वेम्बली ’८६’ या अल्बमचा.

अडचण एवढीच होती की तो संपूर्ण अल्बम पावणेदोन तासांहून थोडा मोठा आहे आणि आमच्या खिशात पैसे होते ते नव्वद मिनिटांच्या एका कॅसेटपुरते. काकांनी यावर तोडगा काढला. ‘‘अरे, निम्म्या तर टाळ्या नि आरडाओरडाच आहे यात. गाणी पाहिजेत ना तुला? बसवतो बरोबर,’’ असे ते म्हणाले आणि त्यांनी खरोखरच बसवले. पॉजच्या बटणावर बोट ठेवून त्यांनी प्रत्येक गाणे संपताक्षणी रेकॉर्डिंग थांबवले, पुढचे गाणे सुरू होताच चालू केले, मधली बोलणी काढून टाकली, गिटारचा एक लांबलचक तुकडा पूर्ण वगळला आणि एके ठिकाणी गायक नुसतेच ‘ए-ओ’ करतो आहे असे वाटल्यामुळे तेही उडवले. ती कॅसेट मी पुढची अकरा वर्षे ऐकली. मला ती तोंडपाठ होती. मात्र आपण ऐकतो आहोत ती एका मैदानावरची संध्याकाळ आहे, हे त्या अकरा वर्षांत मला एकदाही जाणवले नाही. कोणीतरी जरा घाईघाईने गायलेली चांगली गाणी, एवढेच मी तिला समजत होतो.

२००४ मध्ये पहिला बरा पगार हातात आल्यावर तो संच मी स्वतः विकत घेतला आणि एका रविवारी दुपारी हेडफोन लावून सलग ऐकला. या लेखात मला जे सांगायचे आहे ते त्या दुपारपासूनचे आहे. स्टेडियममध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या अल्बममध्ये गाण्यांइतकेच मैदानही ऐकायचे असते आणि मैदान ऐकू येते ते गर्दीमुळे. काकांनी नेमके तेच कापले होते.

आधी थोडी माहिती सांगतो. क्वीनचा १९८६ चा युरोप दौरा ‘मॅजिक टूर’ या नावाने ओळखला जातो. लंडनच्या जुन्या वेम्बली स्टेडियमवर ११ आणि १२ जुलै १९८६ अशा लागोपाठ दोन रात्री कार्यक्रम झाले आणि प्रत्येक रात्री सुमारे ७२ हजार माणसे होती, असे सांगितले जाते. अल्बममध्ये आहे ती दुसरी, शनिवारची रात्र. बरोबर एक वर्ष पुरे व्हायला एक दिवस कमी असताना, म्हणजे १३ जुलै १९८५ रोजी, याच मैदानावर ‘लाइव्ह एड’ या मदतनिधीसाठीच्या कार्यक्रमात क्वीनने दिवसाउजेडी वीस-एकवीस मिनिटांत मैफल मारली होती आणि क्वीनवरच्या २०१८ च्या चित्रपटानंतर आजच्या मुलांना तीच माहीत असते. ती वीस मिनिटे अप्रतिमच आहेत, पण पाहुण्याने पाच मिनिटांत सभा जिंकावी तसा तो प्रकार आहे. १९८६ च्या रात्री घर क्वीनचे होते, तिकिटे त्यांच्यासाठी काढलेली होती आणि सगळी संध्याकाळ हातात होती. सावकाशपणा हा या अल्बमचा पहिला गुण आहे आणि तो नव्वद मिनिटांत बसत नाही.

काकांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण खुद्द बँडनेही तेच केले होते. दौरा ऑगस्टमध्ये नेबवर्थच्या माळावर लाखाहून अधिक लोकांसमोर संपला. गायक फ्रेडी मर्क्युरीचा क्वीनबरोबरचा तो शेवटचा कार्यक्रम ठरेल, हे तेव्हा श्रोत्यांना ठाऊक नव्हते. त्यानंतर डिसेंबर १९८६ मध्ये, नाताळच्या बाजाराला गाठून, ‘लाइव्ह मॅजिक’ नावाचा एक अल्बम निघाला. तो एका तबकडीवर बसवायचा म्हणून गाणी इतकी छाटली गेली, की ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’मधला ऑपेराचा मधला भागच गायब झाला. लग्नाच्या पंगतीत वरण-भात वाढून थेट हात धुवायला पाणी आणून द्यावे, तसे ते ऐकताना वाटते. गाणी आहेत, वादन चोख आहे, पण एक गाणे संपून दुसरे सुरू होईपर्यंत मैदानावर काय घडते याचा पत्ताच लागत नाही. वेम्बलीचा पूर्ण अल्बम यायला मे १९९२ उजाडला. त्याच्या सहा महिने आधी, २४ नोव्हेंबर १९९१ रोजी, फ्रेडी गेला होता आणि महिनाभर आधी, २० एप्रिल १९९२ रोजी, त्याच वेम्बलीवर त्याच्या स्मरणार्थ मोठा कार्यक्रम झाला होता.

आता मैदान ऐकणे म्हणजे नेमके काय, ते सांगण्यासाठी मला नाशिकच्या ढोलाकडे यावे लागेल. कॉलेजात असताना मी दोन वर्षे एका पथकात ढोल वाजवला. गणपतीच्या आधी दीड-दोन महिने रोज संध्याकाळी सराव असे आणि विसर्जनाच्या दिवशी वाकडी बारवेपासून निघालेली मिरवणूक मेनरोडने पुढे सरकत अशोक स्तंभाकडे जाई. पहिल्याच वर्षी मला शेवटच्या रांगेत उभे केले होते. ताशे सर्वांत पुढे आणि आम्ही मागे, मध्ये रांगांमागून रांगा. मी जीव तोडून कानाने ताशा पकडत होतो आणि तरीही दर दोन-चार आवर्तनांनी पुढून शिव्या येत होत्या. शेवटी आमचे उस्ताद मागे आले, माझ्या हातातले टिपरू धरून थांबवले आणि म्हणाले, ‘‘कानानं वाजवू नको, डोळ्यानं वाजव. ताशावाल्याचा हात बघ. कानाला येतंय ते शिळं आहे.’’

शिळे आहे, हे त्यांचे म्हणणे शब्दशः खरे होते. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर या वेगाने जातो. रांग तीस-पस्तीस मीटर लांब झाली तर मागच्या माणसापर्यंत ठोका पोचायला सेकंदाचा दहावा भाग लागतो आणि जलद हात वाजत असताना तेवढा उशीर रांग ‘ओढायला’, म्हणजे तालात मागे रेंगाळायला, पुरेसा होतो. रविवार कारंजावर एखाद्या तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून लांबची मिरवणूक पाहिलेल्या माणसाला हे सांगावे लागणार नाही: टिपरू आधी ढोलाच्या पानावर पडलेले दिसते आणि धमकारा नंतर येतो, आणि समोरच्या इमारतीवरून आपटून तोच धमकारा पुन्हा एकदा येतो.

वेम्बलीचे मैदान, म्हणजे फुटबॉलची हिरवळ, सुमारे शंभर मीटर लांब. रंगमंच एका टोकाला. तिथे पडलेला ठोका दुसऱ्या टोकाच्या माणसाला जवळजवळ एक-तृतीयांश सेकंदाने ऐकू येतो. तो माणूस ऐकून टाळी वाजवतो आणि ती टाळी परत रंगमंचापर्यंत यायला पुन्हा तेवढाच वेळ जातो. म्हणजे रॉजर टेलर ड्रमवर बसून जो ठोका मारत होता, त्यावरची लांबच्या लोकांची टाळी त्याच्या कानावर अर्ध्या सेकंदाहून अधिक उशिरा येत असणार. मध्यम गतीच्या गाण्यात ही जवळजवळ एक पूर्ण मात्रा झाली. हजारो माणसे चुकीच्या मात्रेवर टाळ्या पाठवत असताना तिकडे कान न देता हात चालू ठेवायचा, हे काय काम असते ते शेवटच्या रांगेतल्या ढोलवाल्याला विचारावे.

‘रेडिओ गा गा’ या गाण्यात हे सर्वांत स्पष्ट ऐकू येते. गाणे टेलरचेच, १९८४ चे, आणि त्यातली डोक्यावर हात नेऊन वाजवायची जोडटाळी मूळ व्हिडिओतून लोकांनी उचलली. चित्रात पाहिले तर त्या हातांची शिस्त डोळ्यांत भरते. हेडफोनमधून ऐकले तर मात्र त्या टाळीला धार नसते. ती एका बिंदूवर पडत नाही. पत्र्याच्या लांब शेडवर पावसाची सर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत जावी तशी पसरत जाते, आणि ती पसरण मोजून मैदान केवढे आहे हे डोळे मिटूनही सांगता येते. दोन वर्षांपूर्वी मी हे गाणे माझ्या मुलीला ऐकवले. ती आता पथकात ढोल वाजवते (आमच्या वेळी मुली नसत, आता निम्म्याहून अधिक रांगा त्यांच्याच असतात आणि हात त्यांचा आमच्यापेक्षा स्वच्छ आहे). मी काहीच सांगितले नव्हते. तिने अर्धे गाणे ऐकले, कपाळाला आठी घातली आणि म्हणाली, ‘‘बाबा, मागची रांग ओढतेय.’’

याच संदर्भात ‘वी विल रॉक यू’ची गोष्ट मला फार आवडते. १९७७ च्या मे महिन्यात स्टॅफर्डमधल्या बिंग्ली हॉलमध्ये कार्यक्रम संपल्यावर प्रेक्षक घरी जाईनात आणि त्यांनीच बँडला उद्देशून गायला सुरुवात केली. गिटारवादक ब्रायन मे याच्या डोक्यात तेव्हा विचार आला, की दाटीवाटीने उभ्या असलेल्या माणसांना करता येईल असे काय असते? पाय आपटता येतात, टाळी वाजवता येते, गाता येते. त्यातून दोनदा पाय आणि एकदा टाळी असा तो ठेका जन्मला. ध्वनिमुद्रण झाले ते लंडनमधल्या एका जुन्या चर्चच्या इमारतीतल्या स्टुडिओत, तिथेच सापडलेल्या लाकडी फळ्यांवर मूठभर माणसांनी पाय आपटून. मूठभरांचे हजारो करायचे होते, आणि मे हा मूळचा भौतिकशास्त्राचा विद्यार्थी (डॉक्टरेट त्याने पुढे २००७ मध्ये पूर्ण केली, सूर्यमालेतल्या धुळीवर). त्याने तेच ठोके पुन्हा पुन्हा थोड्या थोड्या उशिराने एकावर एक ठेवले आणि हे उशीर मूळ संख्यांच्या प्रमाणात निवडले, म्हणजे ते एकमेकांशी जुळून प्रतिध्वनीसारखे वाटणार नाहीत. ऐकणाऱ्याला वाटावे की आपण गर्दीच्या मधोमध उभे आहोत आणि कोणी जवळ आहे, कोणी दूर.

म्हणजे १९७७ मध्ये एका माणसाने खोलीत बसून, गणित करून, मैदानाचे अंतर कृत्रिमरीत्या तयार केले. आणि नऊ वर्षांनी वेम्बलीवर तेच गाणे सुरू झाले तेव्हा खरे अंतर आपणहून येऊन त्यात बसले. दोन्ही मुद्रणे लागोपाठ ऐकावीत. स्टुडिओतल्या ठेक्यात प्रत्येक पाऊल हिशोबाने पडते. वेम्बलीवर तो ठेका टेलरच्या ड्रमवर आहे आणि भोवती लोकांचा जो आवाज आहे तो हिशोबाबाहेरचा, पसरट, जरा मागे रेंगाळणारा आहे. मला दुसरा अधिक आवडतो.

गर्दी तालात ओढते, पण सुरात ती चकित करते. आमच्या सोसायटीत सत्यनारायणाच्या आरतीला बारा-पंधरा माणसे जमली की प्रत्येकाची पट्टी वेगळी असते आणि ते कानाला चांगलेच कळते. विसर्जनाच्या दिवशी गोदाकाठी तीच आरती हजार माणसांच्या तोंडून ऐकली की ती सुरात असते. माणसे तीच, बेसूरही तितकीच. पण कोणी वर जातो, कोणी खाली, आणि हजारोंच्या बेरजेत ते वर-खाली एकमेकांना खाऊन टाकते, उरतो तो मधला सूर. दुसऱ्या सीडीच्या सुरुवातीला ‘लव्ह ऑफ माय लाइफ’ आहे. १९७५ च्या अल्बममध्ये हे गाणे पियानो आणि हार्पवर आहे, पण मैदानांसाठी ते बारा तारांच्या एकट्या गिटारवर आणले गेले होते, आणि १९७९ च्या ‘लाइव्ह किलर्स’ या आधीच्या अल्बमपासूनच ते अर्धेअधिक प्रेक्षकांच्या मालकीचे झाले होते. वेम्बलीवर फ्रेडी एक ओळ सुरू करतो आणि सोडून देतो. मग जो आवाज येतो त्याला पुरुषी किंवा बायकी, तरुण किंवा म्हातारा असे काहीच म्हणता येत नाही. तो स्वच्छ सुरात आहे आणि त्याला घाई नाही. काकांच्या कॅसेटमध्ये हे गाणे होते, पण दोन्ही टोकांना इतके घट्ट कापलेले, की त्या आवाजाच्या आधीची शांतता ऐकूच येत नव्हती.

काकांनी ‘ए-ओ’ म्हणून उडवलेला तुकडा ‘अ काइंड ऑफ मॅजिक’ या गाण्याला जोडून आहे. म्हणूनच स्टुडिओत साडेचार मिनिटांच्या आतले हे गाणे इथे आठ मिनिटांच्या वर जाते. फ्रेडी एक छोटी तान घेतो, मैदान ती परत करते. तो थोडी वाकडी घेतो, मैदान तीही जमवते. मग तो अशी काही गिरकी मारतो की बहात्तर हजार माणसे मध्येच गळपटतात आणि स्वतःलाच हसतात. आपल्याकडे शाहिराच्या मागे झील धरणारे असतात, त्यांचे काम म्हणजे शाहिराला दम घ्यायला जागा देणे. इथेही ते आहेच. फ्रेडीचा आवाज त्या काळात थकलेला होता, घशाचा त्रास जुना होता आणि स्टुडिओत लीलया घेतलेले कित्येक वरचे सूर तो रंगमंचावर खालून काढून नेई. अनेक चोखंदळ श्रोते यावरून या अल्बमला नाके मुरडतात, आणि निव्वळ गायकी ऐकायची असेल तर त्यांचे बरोबर आहे. मला मात्र तो कुठे सूर टाळतो आणि ती जागा गर्दीवर कशी सोपवतो, हे ऐकण्यातच जास्त रस वाटतो. थकलेला गवई काय करतो ते आपल्याला मैफलीतून चांगले ठाऊक आहे; तो साथीदाराकडे बघतो. याचे साथीदार बहात्तर हजार होते.

इथे पाचगणीचा विषय काढल्याशिवाय मराठी माणसाला राहवत नाही, म्हणून काढतो. झांजीबारमध्ये पारशी घरात जन्मलेला फारुख बलसारा, म्हणजेच फ्रेडी, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, तिथेच पियानो शिकला आणि तिथेच मित्रांबरोबर ‘द हेक्टिक्स’ नावाचा पहिला बँड काढला. ‘आपला’ म्हणून त्याची वरात काढणे मला आवडत नाही; त्याने स्वतः त्या दिवसांचे भांडवल केले नाही. पण या अल्बममध्ये एक जागा अशी आहे जिथे पाचगणी आठवतेच. दुसऱ्या सीडीवर मे आणि फ्रेडी अकस्मात जुन्या रॉक अँड रोलकडे वळतात: ‘हॅलो मेरी लू’, मग लिटल रिचर्डचे ‘टुटी फ्रुटी’. ही त्याच्या शाळकरी वयाच्या काळातली गाणी, आणि ‘द हेक्टिक्स’ शाळेच्या समारंभांतून याच जातीची गाणी वाजवत असे. जगातल्या सर्वांत नामांकित मैदानांपैकी एकावर उभा राहून हा माणूस शाळेच्या हॉलमधला कार्यक्रम करतो आहे, असे ती पाच-सात मिनिटे वाटत राहते. मैदान तेवढ्यापुरते लहान होते.

गिटारचा जो लांबलचक तुकडा काकांनी वगळला, त्याबद्दल मात्र मी त्यांच्या बाजूने थोडेसे आहे. ‘ब्रायटन रॉक’मधून निघालेले मेचे एकट्याचे वादन नऊ मिनिटांचे आहे आणि त्यातली मधली तीन मिनिटे मी आजही कंटाळून ऐकतो. पण त्याची कल्पना सांगण्यासारखी आहे. त्याची गिटार त्याने आणि त्याच्या वडिलांनी घरीच बनवली, जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड वापरून, आणि ती तो प्लास्टिकच्या तुकड्याऐवजी सहा पेन्सच्या नाण्याने छेडतो. या वादनात तो वाजवलेला सूर यंत्राने काही क्षण उशिरा परत आणतो आणि त्या परत आलेल्या सुराशी जुळेल असा पुढचा सूर वाजवतो. स्वतःच्याच शिळ्या आवाजाबरोबर जुगलबंदी. मैदानावर ज्या उशिराशी बाकी सगळे झगडत असतात, तोच उशीर त्याने साथीला घेतला आहे. आमच्या उस्तादांना हे ऐकवायची फार इच्छा होती, पण तोवर ते राहिले नव्हते.

‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’मध्ये आणखी एक गंमत आहे. त्यातला ऑपेराचा भाग स्टुडिओत आवाजांवर आवाज चढवून केलेला असल्यामुळे चार माणसांना तो रंगमंचावर गाणे शक्यच नाही. म्हणून त्या वेळी चौघेही आत निघून जात आणि मूळ टेप वाजत असे. काही जण याला फसवणूक म्हणतात. मला ती प्रामाणिकपणाची गोष्ट वाटते, कारण ओठ हलवत उभे राहणे सोपे होते. रंगमंच रिकामा, टेप चालू, आणि टेपबरोबर गाणारी गर्दी. ‘लाइव्ह मॅजिक’वर हाच भाग कापला गेला, तेव्हा कापणाऱ्यांनी बहुधा काकांसारखाच विचार केला असावा: यात बँड वाजवतो आहे कुठे?

आणि एक कापलेला तुकडा असा आहे की तो ऐकून मी त्या दुपारी सीडी थांबवली होती. पहिल्या सीडीवर, ‘हू वॉन्ट्स टू लिव्ह फॉरएव्हर’च्या आधी, फ्रेडी लोकांशी बोलतो. बँड फुटणार अशा वावड्या उठल्या होत्या. त्या उठवणारे कोणत्या अवयवाने बोलतात ते तो सांगतो, आणि मरेपर्यंत आम्ही एकत्रच राहणार, असे एक शिवी घालून बजावतो. गर्दी गरजते. पुढचे गाणे सुरू होते आणि त्या गाण्याचा विषय काय आहे हे नावावरूनच कळते. १९८६ च्या त्या रात्री मैदानावर हा केवळ बेदरकार विनोद होता. १९९२ मध्ये अल्बम दुकानात आला तेव्हा ऐकणाऱ्या प्रत्येकाला पुढचे ठाऊक होते. मी तर १९९३ पासून ते गाणे ऐकत होतो, आधीचे वाक्य नसलेले, काका पॉज सोडतात त्या क्षणापासून सुरू होणारे, आणि एक संथ, सुंदर गाणे यापलीकडे त्याने मला कधी काही केले नव्हते.

शेवट असा आहे. एरवी जोडीने येणाऱ्या ‘वी विल रॉक यू’ आणि ‘वी आर द चॅम्पियन्स’ यांच्या मध्ये या दौऱ्यात ‘फ्रेंड्स विल बी फ्रेंड्स’चा एक तुकडा घातला होता; तो नसता तरी चालला असता. ‘चॅम्पियन्स’ संपते. मग फ्रेडी मुकुट घालून, लांब झगा ओढत येतो, हे मला व्हिडिओ पाहिल्यावर कळले. सीडीवर ऐकू येते ते ब्रिटनचे राष्ट्रगीत, मेच्या गिटारवर वाजवलेले, पण तेही १९७५ च्या अल्बममधले, टेपवरचे. रंगमंचावर आता कोणीच वाजवत नाही. चौघे लोकांना वाकून नमस्कार करत असतात आणि टेपच्या वर, टेपच्या किंचित मागे, मैदान एकटेच गात असते.

जुनी कॅसेट माझ्याकडे अजून आहे. तिच्या ‘बी’ बाजूला ‘चॅम्पियन्स’चा शेवटचा सूर विरतो, गर्दीचा आवाज चढायला लागतो आणि दोन सेकंदांत ‘खट’ असा बटणाचा आवाज येतो. त्यापुढची फीत कोरी आहे. मी ती पुढे सरकवून पाहिली आहे. सव्वादोन मिनिटे शिल्लक आहेत, आणि राष्ट्रगीत दीडच मिनिटाचे आहे.